न ऐकता लिहिलेली नोंद

प्रिय गोटे सर,

‘प्रिय’ हे सवयीनं लिहिलं गेलं. आज मनात तुमच्याबद्दल भलतंच काही आहे, आणि ते तुमच्या फोटोसमोर उभं राहून बोलले तर पोरं घाबरतील. म्हणून शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर, कुलूप लावायच्या आधी, तुमच्याच खुर्चीत बसून लिहायला घेतलं आहे. खुर्चीचा डावा पाय अजून डुगडुगतो. नऊ वर्षं म्हणत होते, सुताराला बोलवा. बोलवलंत?

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, हे तुमच्या शोकसभेत सगळ्यांनी पाळलं. मी त्या दिवशी तोंडच उघडलं नाही. आता उघडते. सर, मी तुमच्यावर भयंकर चिडले आहे. ते एआय का काय ते माझ्या मोबाईलवर स्वतःच्या हातानं घालून दिलंत आणि संक्रांत झाल्यावर आठ दिवसांत निघून गेलात. असं कोणी करतं का?

काल तुमच्या वर्गातल्या पायलचा बाबा शाळेत आला होता. गजानन. वस्तीच्या टोकाला राहतो, दर वर्षी दिवाळी झाली की बायकोला घेऊन ऊसतोडीला जातो. त्यानं मला एकच प्रश्न विचारला आणि मला त्याचं खरं उत्तर देता आलं नाही. तुम्हाला आलं असतं. राग त्याचाच जास्त आहे.

पण आधी आपलं जुनं भांडण.

आपली दोन शिक्षकांची शाळा. पहिली-दुसरी माझी, तिसरी-चौथी तुमची, मध्ये एक लोखंडी कपाट. दुपारी डबा एकत्र. तुमच्या डब्यात भाकर आणि ठेचा, माझ्या डब्यातली भाजी तुमची. दोन वर्षांपूर्वी कुठल्याशा प्रशिक्षणाहून आलात आणि मोबाईल माझ्या डब्याशेजारी ठेवलात.

“बाई, पाह्यता काय गंमत? याले म्हटलं गोष्ट लेहून दे, तं हा गोष्ट लेहून देते!”

“मंग तुमी कायले पगार घेता?” मी म्हटलं.

तुम्ही हसलात. तुमचं ते हसणं! कोणी तोंडावर अपमान केला तरी तुम्ही हसायचात आणि समोरचाच ओशाळायचा. मला तुमच्या त्या हसण्याचा तेव्हाही राग यायचा.

मी त्याला ‘तुमचा शहाणा’ म्हणायला लागले. “काय म्हणते तुमचा शहाणा?” तुम्हीही तेच नाव उचललंत. तिसरी-चौथीची पोरं तर सरळ विचारायची, “सर, आज शहाण्याचा तास हाय ना?”

तो तास मी कपाटाच्या अलीकडून ऐकत असे. तुम्ही पोरांना विचारायचात, काल काय केलं? कोणी सोयाबीन सोंगायला गेलेलं, कोणाची बकरी हरवलेली. ती वाक्यं जशीच्या तशी फळ्यावर घ्यायचात. मग मोबाईलला सांगायचात, यावर आठ ओळींचा उतारा दे, आणि ज्यांना अजून जमत नाही त्यांच्यासाठी चार ओळींचा. आलेला उतारा आधी स्वतः मोठ्यानं वाचायचात, दोनदा. मगच तो मोठ्या अक्षरात कागदावर उतरून पोरांपुढे जायचा. आणि त्यातल्या चुका तुम्ही मुद्दाम तशाच ठेवायचात!

तुरीचा तो उतारा आठवतो? शहाण्यानं लिहिलं होतं, ‘मुले तुरीच्या झाडावर चढली आणि त्यांनी वरच्या शेंगा तोडल्या.’ वर्गात नुसता दंगा. तुमचा तो विशाल उठून म्हणाला होता, “सर, हे लेहणाऱ्यानं तूर पाह्यली तरी हाय काय?”

“नाही रे बाबू,” तुम्ही म्हणालात. “त्यानं काहीच पाह्यलं नाही. ना तूर, ना तू, ना मी. त्यानं निस्तं वाचलं हाय. म्हणून तं त्याच्या मागं तुमाले ठेवलं. धरा त्याची चूक!”

मग पोरं त्या उताऱ्यावर तुटून पडायची. चूक धरायची तर ओळ वाचावी लागते, आणि शेजाऱ्याच्या आधी धरायची तर नीट वाचावी लागते. हे मला दिसत होतं. पण कबूल कशाला करू? मी म्हटलं, “चुकीचं पोरांपुढं ठेवाचं आन् मंग खोडाचं, हा कोनता उद्योग? आमच्या येळी पुस्तक होतं. ते बरोबर राहे.”

“बाई, हे पोट्टे मोठे झाले की यायच्या हाती हेच येईन. तवा चूक धराले मी थोडाच राहीन?”

घ्या. नाहीच राहिलात.

तुमचे दोन नियम होते. एक, पोराचं नाव त्यात टाकायचं नाही. कोणाचंच. उताऱ्यातल्या पोरांना तुम्ही ‘एक मुलगा’, ‘एक मुलगी’ म्हणायचात आणि नाव नंतर पेनानं भरायचात. मी विचारलं, एवढं सोवळं कशाला? तर म्हणालात, “आपल्या लेकराचं नाव आपून रस्त्यावरच्या कोन्या माणसाले सांगतो काय?”

दुसरा नियम मला तेव्हा नियमच वाटला नव्हता. गेल्या वर्षीच्या दिवाळीआधी सहज बोलून गेलात. “गोष्ट माग, प्रश्न माग, खेळ माग. पन पोट्टं कसं हाय हे त्याले इचाराचं नाही. ते आपल्या कानानं ऐकाचं आन् मंगच लेहाचं.” मी डबा धुवायला उठले होते. पाठ तुमच्याकडे होती. तुम्हाला ओरडून सांगता येत नव्हतं? खांद्याला धरून सांगता येत नव्हतं? इतर वेळी तर चहाची साखर कमी पडली तरी सगळ्या गावाला ऐकू जायचं!

त्याच दिवशी माझा मोबाईल घेऊन ते त्यात घातलंत. “शिव्या देता तं वापरून द्या.” हेच शब्द होते. मी त्याला महिनोन् महिने हात लावला नाही.

मग तुम्ही गेलात. सकाळी छातीत कळ आली, अकोल्याला पोचेपर्यंत संपलं. मी फाट्यावर जीपमधून उतरून तुमच्या गाडीची वाट पाहत उभी होते. अर्ध्या तासानं कोणीतरी सांगत आलं. शाळा उघडायचीच होती, म्हणून मी चालत शाळेत आले आणि उघडली.

शोकसभेत तुम्हाला सगळे ‘तंत्रस्नेही शिक्षक’ म्हणाले. मला तिथेच उठून भांडावंसं वाटलं. कसला स्नेह? त्या शहाण्यावर तुमच्याइतका संशय अख्ख्या तालुक्यात कोणी घेतला नसेल. पण मी गप्प बसले. तुम्ही जे करत होतात ते मला नीट सांगता येईल, इतकं मी कधी बघितलंच नव्हतं.

तुमच्या जागी कोणी आलं नाही. आजतागायत नाही. चारही वर्ग माझ्या एकटीच्या डोक्यावर पडले. सदतीस पोरं, खिचडीचा हिशेब, रोजची ऑनलाइन माहिती, आणि एप्रिलमध्ये प्रगतिपत्रकं. प्रत्येक पोराच्या प्रत्येक विषयाची वर्णनात्मक नोंद. तुम्हाला माहीत आहे, आपण शिक्षक या नोंदी कशा करतो. जुनं गाईड काढायचं आणि त्यातली वाक्यं आळीपाळीनं वाटायची. ‘वाचन बरे.’ ‘सहभाग चांगला.’ मीही इतकी वर्षं तेच केलं. तुम्ही तेवढे शहाणे, एकेका पोराला जवळ बसवून त्याचं वाचन ऐकायचात आणि मे महिना अर्ध्यावर येईस्तोवर लिहीत बसायचात.

यंदा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात माझ्यानं होईना. ताप होता अंगात. दुपारी पोरं खिचडी खात होती आणि मी तो मोबाईल काढला. तुमच्या शहाण्याला सदतीस पोरांची पूर्ण नावं दिली. श्रेणी दिली. म्हटलं, लिही.

सर, त्यानं काय लिहिलं! मी जन्मात इतकं सुंदर लिहिलं नसतं. प्रत्येकाचं वेगळं. प्रत्येकाचं नाव घेऊन. जणू तो वर्षभर आपल्या वर्गात मागच्या रांगेत बसला होता.

पायलला मराठीत श्रेणी बरी मिळाली होती, कारण ती कविता तोंडपाठ म्हणते आणि आवाज खणखणीत आहे. तेवढ्यावर शहाण्यानं लिहिलं: ‘पायल आत्मविश्वासाने व योग्य आरोह-अवरोहासह प्रकट वाचन करते. अपरिचित मजकूरही ती सहज वाचते. तिचे वाचन ऐकताना वर्ग रमून जातो.’

हे मी माझ्या हातानं, माझ्या अक्षरात, पायलच्या कार्डावर उतरवलं. तिचं वाचन एकदाही न ऐकता. ती दिवाळीपासून मार्चपर्यंत आईबापाबरोबर उसाच्या फडावर होती, हे मला माहीत होतं. पहिली-दुसरी ती माझ्याच हाताखालून गेली, हेही माहीत होतं. लिहिताना उलट बरं वाटलं, सर. वाटलं, चला, पोरीचं काहीतरी चांगलं लिहून गेलं.

आणि ऐका पुढचं. केंद्रातल्या सगळ्या शाळांच्या बैठकीत माझ्या नोंदी वाचून दाखवल्या. नमुना म्हणून फोटो काढून शिक्षकांच्या ग्रुपवर टाकले. “लहाने बाई, तुम्ही तर लपून बसलेल्या होत्या!” मी लाजले. लाजले! मग त्याच नोंदी, नुसती नावं बदलून, किती शाळांच्या कार्डांवर गेल्या देव जाणे.

आता मला कळतं आहे ते सांगते. गाईडमधली नोंद खोटी असायची, पण ती खोटी आहे हे बापालाही कळायचं, पुढच्या शाळेलाही कळायचं. तिच्याकडे कोणी बघायचंच नाही. ही नोंद लोकांनी खरी मानली.

गजाननला वाचता येत नाही. त्यानं एक मे रोजी कार्ड घेतलं ते थेट शेलूबाजारला झेरॉक्सच्या दुकानात. दुकानदारानं मोठ्यानं वाचून दाखवलं. गजाननला ते इतकं आवडलं की त्यानं कार्ड तिथेच लॅमिनेट करून घेतलं! मग भेटेल त्याच्याकडून वाचून घेतलं. पानठेल्यावर, जीपमध्ये, सोयरिकीत. काल तोच सांगत होता. आमच्या खानदानात पहिलं वाचणारं लेकरू, म्हणत होता.

जूनमध्ये पायल पलीकडच्या गावच्या मोठ्या शाळेत पाचवीला गेली. तिथल्या सरांनी कार्ड वाचलं आणि म्हणाले, वा, मग रोजच्या परिपाठात पेपरच्या बातम्या तूच वाच. नोंदच तशी होती, त्या सरांचा काय दोष?

पायलनं काय केलं माहीत आहे? ती रोज लवकर जायची. मैत्रिणीकडून चार बातम्या वाचून घ्यायची, तिथल्या तिथे पाठ करायची आणि पेपर समोर धरून खणखणीत म्हणायची. पोळ्यापर्यंत चाललं हे. एवढी हुशार पोरगी, सर! मग एक दिवस मैत्रीण आलीच नाही. पायल पेपर धरून सगळ्या शाळेसमोर उभी राहिली आणि तिच्या तोंडून अक्षर फुटेना. पोरं हसली. सरांना वाटलं, घाबरली असेल. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवसापासून ती शाळेत गेली नाही.

घरी तिनं खरं सांगितलं. बाबा, मले वाचता येत नाही. गजाननला वाटलं, शाळा बुडवायला खोटं बोलते. त्यानं कार्ड काढलं, तिच्यापुढे धरलं आणि तिला मारलं.

हे सगळं त्यानं काल सांगितलं. दारात उभं राहून, पिशवीतून ते कार्ड काढून. आवाज चढवला नाही. मग त्यानं विचारलं,

“बाई, अक्षर तुमचंच हाय ना हे? तुमी म्हंता वाचते. पोट्टी म्हंते नाही येत. कोन खोटं बोलून राह्यलं? पोट्टी का कार्ड?”

मी काय म्हणाले, ऐका. म्हणाले, “बघते. घाबरली असंन ते.”

हो, असं म्हणाले मी! पन्नाशीला आलेली बाई, सव्वीस वर्षांची नोकरी, आणि त्या माणसाच्या तोंडावर दुसऱ्यांदा खोटं बोलले.

त्यानं मान हलवली. “मंग नखरेच हायेत तिचे. जाऊ द्या. सोमवारी आमी तोडीवर जाऊन राह्यलो, तिले संगंच नेतो. लेहनं-वाचनं तं झालंच तिचं. अजून कायले शाळा पाह्यजे?”

तो गेला. मी तुमचं कपाट उघडलं. तुम्ही गेल्यापासून मी त्या खालच्या कप्प्याला हात लावला नव्हता. तिथे तुमची ती निळ्या पुठ्ठ्याची वही होती, पोरांचं वाचन ऐकून लिहिलेली. पायलच्या पानावर गेल्या वर्षीच्या दिवाळीआधीची एकच नोंद. ‘पाठ म्हणते, वाचत नाही. डोळे ओळीवर नसतात, माझ्या तोंडाकडे असतात. हुशार आहे म्हणून लपून जातं. फडावरून आली की पहिल्यापासून. बाईंशी बोलणे.’

बाईंशी बोलणे!

मग बोललात का नाही? संक्रांतीपर्यंत वेळ होता. रोज समोर बसून माझी भाजी खात होतात. मला वाईट वाटेल म्हणून? पहिली-दुसरीला ती माझ्या वर्गात होती, आणि हा दोष माझ्यापर्यंत येतो, म्हणून? तुमच्या चांगुलपणाचा मला संताप येतो, सर. त्या दिवशी तुम्ही मला तोंडावर बोलला असतात तर मी दोन दिवस अबोला धरला असता, एवढंच. पोरगी तरी वाचली असती.

आणि मी ती वही का उघडली नाही? एप्रिलमध्ये कपाट माझ्यापासून चार पावलांवर होतं. खरं कारण सांगते. तुमचं अक्षर बघायचं धाडस नव्हतं. रडू येईल म्हणून मी वही टाळली आणि मोबाईल काढला. मोबाईल बघून कोणाला रडू येतं?

काल संध्याकाळी घरी जाताना जीपमध्येच मी ग्रुपवर लिहिलं. ‘माझ्या वर्णनात्मक नोंदी मी मुलांना न ऐकता एआयकडून करून घेतल्या होत्या. मुलांची पूर्ण नावेही त्यात दिली होती. त्या नमुना म्हणून वापरू नयेत. ज्यांनी वापरल्या त्यांनी आपापल्या मुलांचे वाचन ऐकून घ्यावे.’ एकानं अंगठ्याचं चित्र पाठवलं. मग कोणीतरी कोणाच्या वाढदिवसाचा केक टाकला आणि सगळे शुभेच्छा द्यायला लागले. सगळी हुशार माणसं, सर! प्रशिक्षणात पहिल्या रांगेत बसतात.

आज सकाळी शाळेच्या आधी मी गजाननच्या घरी गेले.

बोचकी बांधणं चाललं होतं. पायल भांडी पोत्यात भरत होती. मला बघून आत गेली. मी तिला बाहेर बोलावलं, कारण हे तिच्यासमोरच बोलायचं होतं.

“गजाननभाऊ, पोट्टी खरं बोलत होती. कार्ड खोटं हाय. म्या तिचं वाचन ऐकलंच नाही. मोबाईलले इचारून लेहलं.”

त्याला कळायला वेळ लागला. “मोबाईलनं लेहलं म्हंता?”

“मोबाईलनं सांगतलं. लेहलं म्या.”

मीरा, पायलची आई, चुलीपाशी होती. ती उठली नाही. तिथूनच म्हणाली, “मंग त्या दिवशी माह्या पोट्टीनं मार कायले खाल्ला, बाई?”

यावर तुम्ही काय बोलला असतात? हसला तरी नसता.

पायल म्हणाली, “बाबा, म्या तं सांगतलं होतं.” एवढंच. रडली नाही, चिडली नाही. ती तसं बोलली त्याचा मला जास्त त्रास झाला.

गजाननानं पिशवीतून कार्ड काढलं आणि फाडायला गेला. ते फाटेना. त्यानं दुमडलं, पिळलं, दातात धरलं. लॅमिनेशन केलेलं, ते कसलं फाटतंय! शेवटी चुलीत टाकायला निघाला तर मीराच म्हणाली, “राहू द्या, पोट्टीचं नाव हाय त्याच्यावर.” त्यानं ते कोपऱ्यात भिरकावलं.

मी म्हटलं, पायलला इथे ठेवा. मी शिकवीन. पहिल्यापासून, रोज, शाळा सुटल्यावर. मोठ्या शाळेत मी स्वतः जाऊन सरांशी बोलेन.

“तुमचं कसं मानाचं आता?” तो म्हणाला. बरोबरच होतं त्याचं.

मग म्हणाला, “लेहून द्या.”

मी पर्समधून वही काढली. तुमच्या शहाण्याला विचारलं नाही. चार ओळी लिहायला मला इतका वेळ लागला की चुलीवरचा चहा उतू गेला. ‘पायलला वाचता येत नाही, हे तिने खरे सांगितले होते. तिच्या कार्डावरचे मी न ऐकता लिहिले. चूक माझी आहे. तिला वाचायला शिकवण्याची जबाबदारी माझी आहे.’ खाली सही, आणि सहीखाली पूर्ण नाव.

कागद दिला. गजाननानं तो हातात धरला, बघितला, आणि परत माझ्यापुढे केला. “वाचा.” मी वाचून दाखवला.

तो म्हणाला, “हे लेहलं तुमीच, आन् वाचूनही तुमीच राह्यल्या. मले काय मालूम, ह्याच्यात काय हाय?”

सर, मला वाटलं, याच्यापेक्षा त्यानं मला हाकलून दिलं असतं तर बरं होतं. कारण खरंच, त्या घरात तो कागद वाचू शकेल असं कोणीच नव्हतं.

त्यानं कागदाची घडी केली आणि मीराच्या हातात दिली. “ठेव डब्यात. पोट्टी मोठ्या मायजवळ राहीन. गुढीपाडव्याले आमी वापस येतो. तवा हे तीच मले वाचून दाखवंल. मंग पाहू, बाई खरी का नाही ते.”

तर असं झालं. सोमवारी ते दोघं जातील. पायल राहील, तिच्या थोरल्या काकूकडे. आज शाळा सुटल्यावर ती येऊन बसली होती, अर्धा तास. मी पाच शब्द लिहिले, तिनं त्यातले दोन वाचले, तीन माझ्या तोंडाकडे बघून ओळखायचा प्रयत्न केला. मी तोंड फिरवून बसले. मग तिसराही वाचला.

तुमच्या शहाण्याला मी माफ केलेलं नाही. तुम्हालाही नाही. तुमची ती चूक धरायची पद्धत मी सोमवारपासून चारही वर्गांना लावणार आहे, ती तुमच्यावरच्या प्रेमानं नव्हे. पोरांना त्याच्या चुका धरता आल्या पाहिजेत, नाहीतर माझ्यासारखी होतील. उतारा मागेन, पण आधी स्वतः वाचेन. नाव कोणाचं देणार नाही. आणि कोणतं पोर कसं आहे हे त्याला पुन्हा विचारलं, तर माझे हात झडोत.

एक वचन मात्र देते, सर, आणि ते तुम्हाला खूश करायला नाही. पाडव्याला गजानन परत येईल, डब्यातून तो कागद काढेल आणि पायलच्या हातात देईल. मी त्या वेळी अंगणात उभी असेन, तिला माझं तोंड दिसणार नाही अशी. बाई न ऐकता लिहीत होती, चूक बाईची होती, हे ती पोरगी आपल्या बापाला एकेक शब्द वाचून दाखवेल. आणि खालचं नावही वाचेल, सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं.

वंदना लहाने